वरण बाराला, भाजी तीनला

एस्तेरमावशींकडे आम्ही पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा आमचे हे भरल्या ताटावरून उठायच्या बेतात होते. झालं असं, की मावशींनी ताटं वाढली, समोर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "भाऊ, वरण बाराला आहे. भाजी तीनला, भात सहाला, लोणचं नऊला. पाण्याचा पेला ताटाबाहेर, एकच्या अंगाला. चला, करा सुरुवात."

ह्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. दुपारचा दीड वाजला होता, रविवार होता आणि पोटात कावळे ओरडत होते. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "वसू, वरण बाराला होतं म्हणजे संपलं का? आणि भातासाठी सहापर्यंत बसायचंय?"

मग मावशींनीच समजावून सांगितलं. आंधळ्या माणसाला ताट असंच सांगतात. ताट म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची, म्हणजे हात कुठे घालायचा ते कळतं आणि भाकरी समजून लोणच्यात बोटं बुडत नाहीत. हे म्हणाले, "पण मावशी, मला दिसतं." त्यावर मावशी म्हणाल्या, "दिसतं ना, मग लोणचं अजून का नाही घेतलं?" आमचे हे कंपनीत साहेबालाही ऐकत नाहीत, पण त्या दिवशी निमूटपणे नऊला हात घातला.

तर ही एस्तेर साळवे. शरणपूर रोडच्या मागच्या बाजूला आमची तीन मजली बिल्डिंग आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर आमच्या समोरचा ब्लॉक त्यांच्या भावाचा. भाऊ म्हणजे सॅम्युएलदादा, रेल्वेतून निवृत्त, बायको गेलेली, मूलबाळ नाही. नव्वद सालानंतर लगेचच कधीतरी त्यांचं अर्धं अंग गेलं आणि त्यांना बघायला ही बहीण आफ्रिकेतून आली, सहा महिन्यांच्या रजेवर. सहा महिने म्हणजे सहा महिने, त्यावर एक दिवस नाही, असं त्यांनी आल्या आल्या सगळ्या बिल्डिंगला बजावून ठेवलं. ट्रंक पलंगाखाली बांधलेलीच होती.

मावशी मूळच्या नाशिकच्याच, शरणपूरच्या. वडील आठवडाभर सुतारकाम करायचे आणि रविवारी चर्चची घंटा वाजवायचे. मावशींनी लग्न केलं नाही. मिशनच्या शाळेत शिकवता शिकवता बहिऱ्या आणि आंधळ्या मुलांना शिकवायचं खास शिक्षण घेतलं. एक दिवस मिशननं विचारलं, टांझानियाला जाल का? मावशींनी नकाशातसुद्धा न बघता हो म्हटलं. "देवबाप बोलावतो तेव्हा अंतर विचारायचं नसतं," असं म्हणायच्या आणि लगेच पुढे, "पण बाई, बोट लागते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुंबईपासून तिथपर्यंत मी नुसती ओकत गेले."

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, त्यांचा सुरुवातीला फार संशय. मखमलाबादला गुलाबाच्या मळ्यात आयुष्य गेलेला माणूस. म्हणायचे, "मिशनवाली बाई हाय, आपल्या पोरांना बाटवंल." एकदा तोंडावरच विचारलं, "काय हो, तिकडं त्या मुक्या पोरांना धर्म शिकवायच्या का?"

"पहिलं म्हणजे मुकं म्हणू नका," मावशी कडाडल्या. "बहिरी म्हणा, हरकत नाही. मुकी? अहो, रात्री दिवा घालवल्याशिवाय गप्प बसायची नाहीत ती! हातवारे करून अशी बडबडतात की बघणाऱ्याचे डोळे दुखावेत. आणि धर्माचं म्हणाल, तर सकाळी तोंड धुवायचं, दुपारी बेरीज, संध्याकाळी उवा काढायच्या. एवढं झाल्यावर प्रवचनाला वेळ होता कुणाला? त्याचं नाव घ्यायचं आणि पोराचा हात धरायचा. बाकीचं तो बघतो."

नानांना उवांचं पटलं. तेव्हापासून ते मावशींना मळ्यातली फुलं पाठवू लागले.

त्या शाळेच्या गोष्टी ऐकाव्यात तर मावशींच्या तोंडून. मोठ्या सरोवराच्या काठी शाळा, अर्धी मुलं बहिरी, अर्धी आंधळी, आणि सगळी मिळून चोर. आंधळा पोरगा आंब्याखाली उभा राहून वॉर्डनच्या, म्हणजे मावशींच्याच, चपलांचा आवाज ऐकायचा आणि बहिरा वर चढून आंबे तोडायचा. आता खालच्यानं वरच्याला ओरडून सांगायचं कसं? म्हणून वरच्याच्या पायाला दोरी बांधलेली. चपला वाजल्या की खालून ओढायची. "मी चपला काढून गेले एकदा," मावशी अभिमानानं सांगायच्या, "दोघांनाही पकडलं. मग तिघांनी मिळून आंबे खाल्ले."

वीस-बावीस वर्षं अशा घरात काढलेली बाई नाशिकच्या बिल्डिंगमध्ये येऊन पडल्यावर काय होणार? बहिऱ्या मुलांना हाक मारायची तर दिव्याचं बटण चालू-बंद करतात, नाहीतर जमिनीवर पाय आपटतात. मावशींची तीच सवय. दादा आतल्या खोलीत, चहा झाला की ह्या बाहेरून दिवा लुकलुकवणार. जिन्यात कुणाला थांबवायचं असलं की जिन्याचा दिवा. आमचे सेक्रेटरी वाणीसाहेब, त्यांनी दोनदा वायरमन बोलावला, सगळं फिटिंग उघडून बघितलं. खालच्या मजल्यावरच्यांनी पाय आपटण्याची तक्रार केली ती वेगळीच.

आणि बोलणं तर विचारू नका. आंधळ्या मुलांसोबत राहिलेलं माणूस सगळं सांगत सुटतं. दारात आल्या की, "मी एस्तेर. दारात आहे. हातात वाटी आहे, वाटीत खीर आहे. आत येते." निघताना, "आता मी उठले. आता मी चालले." हे एकदा स्कूटरवरून त्यांना सातपूरला त्यांच्या मैत्रिणीकडे सोडायला गेले, तर मागे बसून अखंड चालू, "डावीकडे खड्डा आहे भाऊ. पुढे म्हैस आहे. म्हैस उजवीकडे वळतेय. पोले पोले!" पोले पोले म्हणजे तिकडच्या भाषेत हळूहळू. हे घरी आले ते घामाघूम. म्हणाले, "वसू, वीस वर्षं स्कूटर चालवतोय, आज पहिल्यांदा भीती वाटली."

चर्चमध्येही तेच. आपल्याकडे प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात. मावशी टक्क उघडे ठेवून पाळकांकडे बघत बसायच्या. नव्या पाळकांना ते लागलं. त्यांनी विचारलं, "बाई, प्रार्थनेत तुम्ही डोळे का मिटत नाही?" मावशी म्हणाल्या, "आमच्याकडे प्रार्थना हातांनी चालते. डोळे मिटले तर आमेन झालं हे कळायचं कसं? एकदा एक पोरगी डोळे मिटून बसली, ती जेवायची वेळ झाली तरी तशीच!"

पण सगळ्यात मोठा पराक्रम माझ्या नणंदेच्या बघण्याच्या दिवशी झाला. सुनंदाचं लग्न जमत नव्हतं. नामपूरचं स्थळ आलं, कांद्याचे मोठे व्यापारी. मुलगा, त्याची आई आणि वडील येणार होते. मी पहाटेपासून राबत होते. ऐन वेळी मुलाच्या वडिलांचे डोळे आलेले, म्हणून त्यांनी काळा चष्मा लावला होता. जिन्यात मावशी भेटल्या. काळा चष्मा बघितला, झालं! बाईंनी लगेच आपलं कोपर त्यांच्या हातात दिलं आणि, "मी एस्तेर, शेजारीण. पुढे नऊ पायऱ्या आहेत, मग वळण. पोले पोले." तो गृहस्थ नामपूरचा बडा व्यापारी, भर बाजारात लिलाव हलवणारा, पण बाईमाणसाचा मान राखायचा म्हणून मुकाट कोपर धरून वर आला. मला वाटलं हे पाहुणे खरंच आंधळे आहेत आणि मध्यस्थानं आमच्यापासून लपवलं. मावशींनी त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला, बसवलं, बशी मांडीवर दिली आणि सांगितलं, "पोहे सहाला, बर्फी बाराला, चमचा तीनला."

माझं कप्पाळ! मुलाची आई लाल झाली. मुलगा छताकडे बघायला लागला. आणि त्या गृहस्थानं काय करावं? चष्मा काढला, सुजलेल्या लाल डोळ्यांनी मावशींकडे बघितलं आणि हसत सुटले. म्हणाले, "ही बाई लई भारी शे! तीस वरीस लगीन झालं माझं, पोहे कुठं नि बर्फी कुठं, कोणी सांगितलं नाय मला!" बायकोकडे बघून म्हणाले ते. स्थळ जमलं. सुनंदा आज नामपूरला सुखात आहे आणि अजूनही तिचे सासरे मुद्दाम विचारतात म्हणे, "सूनबाई, भाजी किती वाजता?"

तर अशी ही बाई. पण एका बाबतीत सगळ्या बायका तिच्यावर खार खाऊन होत्या. ती म्हणजे हातांची मिजास. साडी सुती, विटलेली. केसांना धड तेल नाही. चपलेला खिळा. पण हात? बाई, काय ते नखरे! भांडी घासायच्या नाहीत, त्याला कामवाली. मिरची चिरायची नाही. थंडी पडली की हातमोजे, तेही आमच्या ह्यांचे स्कूटरचे मागून नेलेले. रोज रात्री कोल्ड क्रीम, तासभर. नखं अशी गोल कापलेली. अंगठी नाही, बांगडी नाही. वाणीवहिनी म्हणायच्या, "साठीला आली तरी नटवेपणा जात नाही, आणि म्हणे देवाची सेवा!" मीही हसायचे. मिशनची बाई आणि हात नटीसारखे, हसायचं नाही तर काय?

ते कोडं सुटलं पोस्टात. मावशींना एक पाकीट परदेशी टाकायचं होतं आणि मी ऑफिसला निघाले होते, म्हणून त्यांना माझ्या लुनावर घेतलं. खिडकीतल्या कारकुनानं पाकीट दाबून बघितलं. "मावशी, यात काय?"

"सुतळी."

"सुतळी टांझानियाला? तिकडं सुतळी नाय का मिळत?"

"मिळते. पण गाठी माझ्या लागतात."

कारकून माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. बाहेर आल्यावर म्हटलं, "मावशी, आता मला उशीर झाला तरी चालेल, पण ही सुतळीची काय भानगड ती सांगा."

पोस्टाच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. शाळेत नेमा नावाची एक मुलगी होती. नेमा म्हणजे कृपा. पाच वर्षांची असताना आली. दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. बहिऱ्यांचा वर्ग होता, आंधळ्यांचा वर्ग होता, दोन्ही असलेल्या पोरीचा वर्ग नव्हता. म्हणून मावशीच तिचा वर्ग झाल्या. पहिलं वर्षभर ती चावायची, ओरबाडायची. मावशी तिच्या तळहातावर बोटांनी अक्षरं काढत राहिल्या. तिला पहिला शब्द आला तो केळं. "मग सहा महिने सगळं जगच केळं," मावशी हसायला लागल्या. "पाणी केळं, चप्पल केळं, मीही केळं. पण चावायची थांबली."

भावाची तार आली तेव्हा नेमा अकरा वर्षांची होती. तिला सहा महिने म्हणजे काय ते कसं सांगायचं? मावशींनी सुतळीला सहा गाठी मारल्या, तिच्या हातात दिल्या आणि समजावलं, दर महिन्याला एक गाठ सुटेल आणि शेवटची सुटली की मी येईन. इकडे येऊन बघतात तर दादांचं अंथरूण सुटण्यातलं नव्हतं. दुसरं बघणारं कोणी नव्हतं. सहा महिने संपत आले तेव्हा त्यांनी दुसरी सुतळी पाठवली. मग तिसरी.

"म्हणजे तिला फसवतच आलात की तुम्ही," मी पटकन बोलून गेले. माझी जीभ अशीच आहे.

"फसवत नाही गं," त्या म्हणाल्या. "जाणारच आहे मी. तिला आपलं माणूस म्हणजे मी एकटी. तिला माझा चेहरा ठाऊक नाही, आवाज ठाऊक नाही. ती मला ओळखते ती या हातांवरून." आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. गोरे नव्हते, सुंदरही नव्हते, पण मऊ होते, लोण्यासारखे. "हे खरबरीत झाले, जाड झाले, तर ती म्हणेल, ही कोण परकी बाई आली? म्हणून जपते. तुम्ही सगळ्या काय म्हणता ते मला ऐकू येतं हं, माझे कान चांगले आहेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून वाणीवहिनींनी नुसतं तोंड उघडलं की मी त्यांचं तोंड बंद करायचे.

पण दिवस कुणासाठी थांबतात? दादा जगले, चांगली आठ-नऊ वर्षं. मावशी त्यांना भरवायच्या, पुसायच्या, उचलून बसवायच्या, आणि हे सगळं बिनसांगता नाही, "दादा, आता डावा पाय उचलते हं." ते गेले तेव्हा मावशींची साठी उलटून गेली होती. ट्रंक पलंगाखालून बाहेर काढली. मिशनला पत्र टाकलं. मिशनकडून उत्तर आलं, आपण खूप केलंत, आता विश्रांती घ्या. सोबत सोनेरी चौकटीतलं मानपत्र. मावशींनी ते आठ दिवस टेबलावर ठेवलं. मग मी गेले तर वरणाच्या पातेल्यावर झाकण म्हणून होतं. "बरोब्बर बसलं," त्या म्हणाल्या. "कुठेतरी उपयोगी पडलं." मी हसले, पण त्या हसल्या नाहीत.

आणि त्याच वर्षी बोटं वाकायला लागली. आधी उजव्या हाताची दोन, मग डाव्या हाताची. पेरं सुजून आवळ्याएवढी झाली. डॉक्टर म्हणाले संधिवात. बिल्डिंगमधल्या प्रत्येकानं उपाय सांगितला. वाणीवहिनी, हो, त्याच, निर्गुडीचा पाला घेऊन आल्या. ह्यांनी कंपनीतल्या कुणाकडून मेणाचा शेक शिकून घेतला. काही उपयोग नाही. "दुखतं का मावशी?" विचारलं की एकच उत्तर, "मला काय धाड भरलीय! पोले पोले होईल बरं." चहाचा कप दोन तळव्यांत धरून प्यायच्या, पण दुखतं म्हणून कधी म्हणाल्या नाहीत.

सुतळीची गाठ मात्र मारता येईना. मी म्हटलं, "द्या इकडे, मी मारते."

"तुझी गाठ तिला लगेच कळेल गं. परक्या हाताची." आणि सुतळी त्यांनी पाठवलीच नाही.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी एका दुपारी आमच्याकडे फोन वाजला. मावशींकडे फोन नव्हता, सगळ्यांना नंबर आमचाच दिलेला. मुंबईहून कोणी ग्रेस नावाची बाई बोलत होती, मोडक्या इंग्रजीत. माझं इंग्रजी तिच्यापेक्षा मोडकं. शेवटी मला एवढं कळलं, की ती त्याच शाळेची शिक्षिका, मुंबईत काही आठवड्यांच्या शिक्षणासाठी आलीय आणि तिच्यासोबत नेमा आहे. नेमा आता मोठी झालीय, शाळेत लहान मुलांना मदत करते. येत्या शनिवारी दोघी नाशिकला येणार, संध्याकाळी परत.

मी धावत समोर गेले, दारातून ओरडले, "मावशी, नेमा येतेय! शनिवारी!"

मला वाटलं नाचतील. त्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. "तिला सांग, मी नाही. गावाला गेलेय. पेठला."

"पेठला तुमचं कोण आहे?"

"कोणी नाही. पण सांग."

मी कमरेवर हात ठेवले. "मावशी, शरम वाटत नाही? चार देश ओलांडून पोरगी येतेय आणि तुम्ही लपून बसता?"

"अगं, तिच्या डोक्यात ते हात आहेत," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "या वयाला तिच्या हाती ही वाळलेली मुळं द्यायची? ती मला शोधत राहील वसू, आणि मी तिच्यासमोरच बसलेली असेन. माझ्याच्यानं नाही बघवायचं ते."

मी घरी येऊन पोळ्यांची कणीक इतकी मळली की हे म्हणाले, पुरे कर, ती मेली.

शनिवारी सगळी बिल्डिंग गॅलरीत. वाणीसाहेबांनी जिना धुवून घेतला होता. रिक्षातून दोघी उतरल्या. नेमा चांगली उंच, पिवळा फ्रॉक, हातात पांढरी काठी आणि तोंडभर हसू. नाना खाली उभे होते. त्यांनी काही न बोलता गुलाबाचा गुच्छ तिच्या हातात दिला. तिनं तो नाकाशी धरला आणि मोठ्यानं "हाऽ" केलं.

वर मावशी खुर्चीत ताठ बसल्या होत्या, हात पदरात. चेहरा पांढराफटक. ग्रेसनं नेमाला आणून समोरच्या खुर्चीत बसवलं, तिच्या तळहातावर काहीतरी लिहिलं. नेमानं दोन्ही पंजे पुढे केले. मावशी हलल्या नाहीत. पंजे तसेच हवेत. एक क्षण गेला, दुसरा गेला. मला राहवेना. मी पुढे झाले आणि पदरातून त्यांचा उजवा हात ओढून काढला. हो, ओढून. तो नेमाच्या हातात ठेवला आणि बाजूला झाले.

ओळखायची परीक्षा वगैरे काही झालीच नाही. हात हाताला लागला मात्र, आणि त्या पोरीनं असा आवाज काढला की खालच्या मजल्यावरचं बाळ उठलं. खुर्ची सोडून ती जमिनीवर बसली, मावशींचा हात गालाला लावला, मानेला लावला, आणि एकदम थांबली. बोटं त्या सुजलेल्या पेरांवर गेली. एक, मग दुसरं. हसू मावळलं. तिनं मावशींचा तळवा उलटा केला आणि त्यावर भराभर लिहायला लागली.

मी ग्रेसला खूण केली, काय म्हणतेय? ग्रेसनं हळूच सांगितलं. ती विचारतेय, रात्री हे हात तुला चोळून कोण देतं?

मावशींनी मान हलवली. नाही, कोणी नाही.

आयुष्यभर ज्या बाईनं बशीतली बर्फीसुद्धा सांगितल्याशिवाय पुढे केली नाही, ती समोरच्या पोरीला नुसती मान हलवून उत्तर देत होती. नेमाला दिसत नाही हे त्या विसरल्या होत्या. नेमा तळहात उघडा ठेवून उत्तराची वाट बघत राहिली. मावशी मान हलवत राहिल्या आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. माझ्याही. खोटं कशाला सांगू?

मग त्यांच्या लक्षात आलं. पण त्यांनी अक्षरं काढली नाहीत. नेमाचं बोट धरलं आणि आपल्या अंगठ्याच्या मुळाशी टेकवलं. मग पुढच्या पेरावर, मग त्याच्या पुढच्या. चहा टेबलावर निवत होता, वाणीवहिनी दारात उभ्या होत्या. नेमा एकेक बोट चोळत होती आणि मावशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कुठे कुठे दुखतं ते सांगत होत्या.